थर्स्लीचा खलाशी

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड, दिसला की गाडी थांबवायची, ही माझी जुनी खोड. घरातले वैतागतात, पण गावाच्या मारुतीमागे शेंदूर फासून उभा असलेला दगड पाहिला की मला राहवत नाही. खालच्या पट्टीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. माझी मामेबहीण माधुरी वीस वर्षांपासून इंग्लंडात गिल्डफर्डजवळ राहते आणि तिला ही खोड पुरती ठाऊक आहे. मागच्या उन्हाळ्यात तिने एक फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: "दादा, आमच्याकडचा वीरगळ बघ."

फोटोत थर्स्ली नावाच्या गावातल्या एका खलाशाच्या थडग्याचा दगड होता. वरच्या बाजूला कोरीव चित्र होतं, त्यात तीन माणसं एका माणसाला ठार मारत होती.

इंग्लंडातल्या कबरींवर कवटी, पंखवाले देवदूत, वाळूचं घड्याळ असतं हे माहीत होतं. खुनाचा प्रसंगच कोरलेला दगड मात्र मी ऐकला नव्हता. ऑगस्टअखेरीस तिच्याकडे जायचं ठरलंच होतं, तेव्हा बँक हॉलिडेची जोडून सुट्टी या दगडासाठी राखून ठेवली. मी, माधुरी आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा अर्णव. तिचा नवरा "थडगी बघायला मी येत नाही" म्हणून घरीच राहिला. (तीन दिवस त्याने क्रिकेट बघितलं. त्याचंही बरोबर.)

शनिवार: थर्स्ली

गिल्डफर्डहून दक्षिणेला पोर्ट्समथच्या दिशेने जाणारा रस्ता म्हणजे ए-थ्री. तो सोडून डावी-उजवी केली की दोन्ही बाजूंनी झुडपांच्या भिंती असलेल्या गल्ल्या लागतात. समोरून गाडी आली की कुणीतरी एकाने मागे जायचं. आम्हीच दोनदा मागे गेलो. सकाळी निघताना ऊन होतं, थर्स्लीत पोहोचेपर्यंत भुरभुर सुरू झाली. "इथे हवामानावर विश्वास ठेवायचा नाही," असं म्हणत माधुरीने डिकीतून माझ्यासाठी नवऱ्याचा रेनकोट काढला. तो मला गुडघ्यापर्यंत आला.

गाव म्हणजे एक उतरता रस्ता, लाल विटांची आणि लाकडी चौकटीची घरं, आणि टोकाला संत मायकलचं चर्च. गावाच्या नावात थॉर हा जुना गर्जनेचा देव लपलाय असं मानतात. चर्चच्या भिंतीत सॅक्सन काळातल्या खिडक्या आहेत, त्या 1927 साली सापडल्या. आत गेल्यावर मात्र खिडक्यांआधी दिसतात ते मधोमध उभे असलेले प्रचंड ओकचे खांब. घंटाघराचा सगळा भार त्यांच्यावर आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या चौकात उभं राहिल्यासारखं वाटलं, लाकडाचा वासही तसाच.

बाहेर अंगणात एक आजोबा कात्रीने एका कबरीभोवतीचं गवत कापत होते. वय पंच्याहत्तरच्या पुढचं. मी भारतातून आलोय कळल्यावर त्यांनी आधी खलाशाकडे नाही, दुसऱ्याच एका कबरीकडे नेलं. नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधणारा एडविन लट्यन्स याच गावात वाढला. त्याच्या आईची कबर इथे आहे आणि तिचा दगड त्यानेच योजलेला. आजोबांना वाटत होतं की मी त्यासाठीच आलोय. मीही दोन मिनिटं तसंच भासवलं, कारण त्यांचा उत्साह मोडवेना.

मग हळूच विचारलं, "आणि तो खलाशी?"

"अच्छा, तुम्ही त्याच्याकडे आलाय होय," असं काहीतरी म्हणत त्यांनी कात्रीनेच दिशा दाखवली.

आता कबूल करतो, पहिल्यांदा मी भलत्याच दगडासमोर उभा राहिलो. शेवाळाखाली मला तीन आकृत्या दिसायलाही लागल्या होत्या. अर्णव म्हणाला, "मामा, ती फुलं आहेत." खरा दगड पलीकडे होता. भोवतालच्या दगडांपेक्षा रुंद, आणि एकदा दिसला की परत चुकणार नाही असा.

ढगाळ उजेडात वरचं चित्र सपाट दिसत होतं. वीरगळांवर शिकलेली युक्ती इथे उपयोगी पडली. फोनची बॅटरी समोरून न मारता दगडाला अगदी कडेने चिकटवून धरायची, म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या पडतात. अर्णवने डावीकडून बॅटरी धरली आणि चित्र दगडातून वर आल्यासारखं झालं. मधला माणूस खाली, तिघे त्याच्यावर चालून आलेले, एकाचा हात उगारलेला. सव्वादोनशे वर्षांहून जास्त पावसाने चेहरे पुसून टाकलेत, पण वाकलेली पाठ आणि उगारलेला हात अजून कळतो. काम एखाद्या मोठ्या शिल्पकाराचं नाही. माणसांचे आकार जरा बोजड आहेत, आपल्या वीरगळांवरचे असतात तसेच. फरक इतकाच की वीरगळावरचा माणूस तलवार उपसून लढताना मरतो, आणि या माणसाच्या हातात काहीच नाही.

चित्राखालचा मजकूर साधारण असा: एका उदार पण दुर्दैवी खलाशाच्या स्मरणार्थ. 24 सप्टेंबर 1786 रोजी हाइंडहेडवर तीन नराधमांनी त्याचा निर्घृण खून केला. त्याआधी त्याने त्यांना सढळ हाताने खाऊपिऊ घातलं होतं आणि पोर्ट्समथच्या वाटेवर पुढेही मदत करायचं कबूल केलं होतं.

त्याखाली बारा ओळींची कविता. ती खलाशीच बोलतोय अशी कल्पना आहे. धडधाकट होतो, ऐन उमेदीत होतो, गुडघे टेकून दयेची भीक मागितली, पण रक्ताच्या तहानेपुढे काही चाललं नाही. माझ्यासाठी रडायला ना कुणी नातलग, ना जिवलग मित्र. माझं नावही कुणाला ठाऊक नाही, तरी उदार लोकांनी माझ्या अवशेषांवर हा दगड उभारला.

"उदार लोकांनी म्हणजे?" अर्णवने विचारलं.

"वर्गणी," माधुरी म्हणाली. "गणपतीला काढतो ना आपण, तशी."

पाऊस वाढला तसे आम्ही चर्चच्या ओसरीत बाकावर बसलो. माधुरीने डब्यातून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, थर्मासचा चहा ओतला, आणि मी अर्णवला गोष्ट सांगितली.

लंडनहून पोर्ट्समथला पायी निघालेला एक खलाशी. तिथे जाऊन त्याला जहाज गाठायचं होतं. तेव्हाचा हा रस्ता म्हणजे आरमाराची धमनी. जहाजावर चाललेले आणि जहाजावरून सुटलेले खलाशी त्यावर कायम असायचे. इथून जवळच, मिलफर्डच्या बाजूला, त्याला तिघे भेटले: एडवर्ड लोनेगन, मायकेल केसी आणि जेम्स मार्शल. तेही खलाशीच म्हणवत होते, खिसे मात्र रिकामे. याच्याकडे पैसे होते आणि मन मोठं होतं. त्याने त्यांचं खाणंपिणं आपल्या अंगावर घेतलं आणि चला बरोबर म्हणाला. चौघे शेवटचे एकत्र दिसले ते याच गावात, रेड लायन नावाच्या सराईत. दिवस रविवारचा. पुढे चढ लागतो, वस्ती संपते आणि हाइंडहेडचा ओसाड माळ सुरू होतो. तिथे त्यांनी त्याला सुऱ्यांनी मारलं, अंगावरचे कपडे काढून घेतले आणि उघडं प्रेत दरीच्या उतारावर ढकललं.

"कपडे कशाला?" अर्णव.

कपडे ही तेव्हा रोकड होती. कापड हाताने विणलेलं, शिवण हाताची, एक चांगला कोट म्हणजे कामगाराची कित्येक दिवसांची मजुरी. कपडे गहाण पडायचे, विकले जायचे, चोरीला जायचे. आणि हे तिघे पकडले गेले तेही कपड्यांपायीच. मागून येणाऱ्या माणसांना प्रेत दिसलं, आरडाओरड झाली, लोक पाठलागावर निघाले आणि पंधराएक किलोमीटरवर रेक गावच्या सराईत मेलेल्याचे कपडे विकायला बसलेले तिघे त्याच दिवशी सापडले. ना पोलीस, ना तपास. सर रॉबर्ट पीलचे लंडनचे पोलीस यायला अजून 43 वर्षं होती.

ओसरीतून निघताना आजोबांनी पुन्हा गाठलं. अलीकडे एका अभ्यासकाने खलाशाचं नाव एडवर्ड हार्डमन असावं असं मांडलंय, हे त्यांनीच सांगितलं. "तुम्हाला पटतं?" मी विचारलं. ते खांदे उडवून म्हणाले, आम्ही त्याला खलाशीच म्हणतो.

जायचं असेल तर: थर्स्लीला रेल्वे स्थानक नाही. लंडनच्या वॉटर्लूहून हॅझलमिअरला साधारण तासाभरात गाडी पोचवते, पुढे टॅक्सी किंवा कुणाची तरी गाडी. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्या वेळी अंगणात फोटोंची झुंबड करू नये. अक्षरं उठून दिसावीत म्हणून दगडावर खडू घासणं, पाणी मारणं, कागद ठेवून पेन्सिल फिरवणं, यातलं काहीही करू नका. दगड पापुद्रे सुटण्याच्या बेतात आहे. कडेने धरलेली बॅटरी पुरते.

रविवार: हाइंडहेड

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर धुकं. माधुरी म्हणाली, उशिरा निघू. मी म्हटलं, उलट लवकर निघू. खुनाच्या जागेवर धुकं असणं यापरतं काय हवं?

ती जागा म्हणजे डेव्हिल्स पंच बोल, सैतानाचं वाडगं. नावाप्रमाणेच भलीमोठी वाडग्यासारखी दरी. दंतकथा अशी की सैतान थॉरला छळायचा, आणि त्याच्यावर फेकायला त्याने जी मूठभर माती उचलली त्याचा हा खड्डा. भूगोल वेगळं सांगतो. वर वालुकाश्म, खाली चिकणमाती. दोहोंच्या सांध्यातून झरे फुटतात आणि वरचा दगड आतून पोखरत नेतात. झरे अजून वाहताहेत, म्हणजे खोदकाम अजून चालू आहे.

जुनी स्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या कॅफेत स्कोन, म्हणजे छोटा गोडसर पाव, खाल्ला. साय आधी की मुरंबा आधी यावर इथे दोन तट आहेत म्हणे. मी दोन्ही एकदम कालवून खाल्लं आणि शेजारच्या टेबलावरून मिळालेली नजर अजून विसरलो नाही.

कॅफेतून बाहेर पडलं की रुंद पायवाट लागते आणि माधुरी तिथे एकदम थांबली. "दादा, इथे मी तासन् तास अडकून पडलेय." 2011 पर्यंत ए-थ्री याच कडेवरून जायचा. लंडन-पोर्ट्समथ रस्त्यातला हाच अरुंद तुकडा, पुढे चौकात सिग्नल, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची शेपटी. मग डोंगराच्या पोटातून पावणेदोन किलोमीटरहून लांब जुळा बोगदा काढला, 2011 च्या जुलैत तो सुरू झाला आणि वरचं डांबर उखडून माती पसरली. आज तिथे हेदरची जांभळी फुलं आहेत. एवढा मोठा रस्ता इतका पुसला जाऊ शकतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. ती वाकून कुठे डांबराचा तुकडा सापडतो का बघत होती. मिळाला नाही.

त्याच्याही वरून एक अधिक जुनी वाट जाते, टपालगाड्यांच्या काळातली. खलाशी याच वाटेने आला. धुक्यात पंधरा पावलांपुढचं दिसत नव्हतं. झाडावरून टपटप पाणी, मधूनच कुठूनतरी घंटेचा आवाज, आणि अचानक समोर लांब तांबड्या केसांची एक हायलंड गाय. डोळे झिपऱ्यांमागे. माळावर बर्चची रोपं माजू नयेत म्हणून इथे गुरं चरायला सोडतात. अर्णव शांतपणे बाजूने गेला. मी मात्र गाईला नमस्कार करून मगच पुढे सरकलो.

आणि मग तो दुसरा दगड. सेलर्स स्टोन, म्हणजे खलाशाचा दगड. वाटेच्या कडेला, कमरेएवढा, चित्र वगैरे काही नाही, नुसती अक्षरं. इथे झालेल्या निर्घृण खुनाच्या तिरस्कारापोटी उभारलेला, असं तो पहिल्याच ओळीत सांगतो. स्मरणार्थ नाही, तिरस्कारापोटी. पुढे एका अज्ञात खलाशाचा उल्लेख आणि लगेच लोनेगन, केसी, मार्शल अशी तिघांची नावं. त्याच दिवशी पकडले गेले, इथेच जवळ साखळदंडांत टांगले. शेवटी बायबलमधलं वचन: जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसाकडून सांडलं जाईल.

मागे वळून बघायला विसरू नका. मागच्या बाजूला लिहिलंय की कॉस्फर्डच्या जेम्स स्टिलवेल यांनी स्वखर्चाने हा दगड 1786 मध्ये उभारला, आणि जो कुणी या दगडाला इजा करेल किंवा तो हलवेल त्याच्यावर शाप असो.

मी मोठ्यांदा हसलो. माधुरी घाबरली. "अगं, गद्धेगाळ!" शिलाहार-यादवांच्या काळातले आपले दानाचे दगड आठवा. हे दान जो मोडेल त्याला अशी अशी शिवी, खाली गाढवाचं चित्र. साता समुद्रापार सरे परगण्यातल्या एका जमीनदाराला तीच युक्ती सुचली, फक्त गाढव न कोरता. अर्णवला गद्धेगाळावर नेमकं काय कोरलेलं असतं हे विचारायचं होतं. त्याच्या आईने विषय बदलला.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि मी त्या दगडापाशी चांगली दहा मिनिटं पुढे-मागे केली. मागे साल 1786. पुढे तिघांना टांगल्याचा उल्लेख. पण किंग्स्टनच्या न्यायालयात खटला होऊन त्यांना फाशी झाली ती 7 एप्रिल 1787 रोजी. म्हणजे एक तर पुढचा मजकूर नंतर कोरला, नाहीतर स्टिलवेलसाहेबांनी खुनाचं साल दगडाला बहाल केलं. दगडावर कोरलंय म्हणून खरं, असं वीरगळ-शिलालेखांच्या बाबतीतही नसतंच. तिथेही वर्ष आणि संवत्सर जुळवताना लोकांची डोकी फुटली आहेत.

आणि इथेच, त्या धुक्यात, कालपासून मनात घोळत होतं ते नीट दिसलं. गावाने वर्गणी काढून उभारलेल्या दगडावर मारेकऱ्यांची नावं नाहीत. तिथे ते नुसते तीन नराधम, आणि सगळा मजकूर त्या अनोळखी माणसाबद्दल: तो उदार होता, तरुण होता, त्याने गुडघे टेकले. श्रीमंत माणसाने एकट्याच्या पैशाने उभारलेल्या दगडावर खलाशाबद्दल एक शब्द, अज्ञात, आणि मारेकऱ्यांची नावं आडनावांसकट. मला गावाचा दगड जास्त आवडला. स्टिलवेलचा राग खोटा होता असं नाही, पण लोनेगन, केसी, मार्शल ही नावं आज मला पाठ आहेत ती त्याच्यामुळे.

पुढे चढून गेलं की गिबेट हिल, मृतदेह टांगायच्या खांबाची टेकडी. मी तसं म्हटल्यावर अर्णव म्हणाला, "जिबिट, मामा. जी नाही, जे." उंची 272 मीटर, सरे परगण्यात लीथ हिलखालोखाल दुसरी. खुनाच्या जागेच्या वरच, वाटसरूंना दुरून दिसेल अशा या टेकडीवर तिघांना टांगलं.

हे टांगणं म्हणजे काय ते समजून घ्यावं लागतं, नाहीतर दगडाचा अर्थ पुरता लागत नाही. 1752 मध्ये इंग्लंडात एक कायदा झाला. नुसत्या फाशीची भीती पुरेशी वाटत नाही, तेव्हा खुन्याचा मृतदेह सरळ पुरायचा नाही, असं त्यात होतं. एक तर शवविच्छेदनासाठी शल्यवैद्यांच्या ताब्यात द्यायचा, नाहीतर लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यात घालून उंच खांबावर टांगून ठेवायचा. सांगाडा लोहाराकडून अंगाच्या मापाने बनवून घ्यायचे. देह टिकावा म्हणून डांबर फासायचे. मग तो वाऱ्यावर हलत राहायचा, महिनोन् महिने, वर्षं. साखळ्यांचा कुरकुर आवाज रात्री ऐकू यायचा. ही प्रथा बंद झाली ती 1834 मध्ये.

म्हणजे खलाशाला कबर मिळाली, नाव नाही. या तिघांना नावं मिळाली आणि कबर कायद्यानेच नाकारली.

खांब गेला तरी टेकडीची भीती गेली नाही. अंधार पडल्यावर इकडे कुणी फिरकेना. शेवटी 1851 मध्ये सर विल्यम अर्ल या न्यायाधीशांनी इथे ग्रॅनाइटचा क्रूस उभारला. चार बाजूंना चार लॅटिन वचनं: अंधारानंतर उजेड, उजेडात आशा, मृत्यूत शांती, मृत्यूनंतर मुक्ती. एका न्यायाधीशाने फाशीच्या माळावर शांती लिहून ठेवावी, याची मला मोठी गंमत वाटली. त्यात मारेकरीही धरले होते का, ते दगड सांगत नाही.

क्रूसापाशी एक बाई दोन कुत्र्यांना घेऊन धुकं उतरायची वाट बघत बसल्या होत्या. रोज येतात. त्यांना विचारलं, भीती वाटत नाही? म्हणाल्या, भीती वाटते ती फर्नमधल्या गोचिडांची. आणि पायमोजे पँटवर ओढून घ्या म्हणून मला प्रात्यक्षिकच दिलं. त्या बोलत असतानाच धुकं फाटलं. आधी दरीची पलीकडची कड, मग तळातली झाडं, मग उतारांवरचा सगळा जांभळा रंग. एका मिनिटाचं काम. अर्णव पहिल्यांदाच फोन खिशात ठेवून उभा राहिला.

उतरताना वाटेवर ब्लॅकबेरीची झुडपं लगडलेली. रेनकोटच्या टोपीत गोळा केल्या. रेनकोट माधुरीच्या नवऱ्याचा होता हे घरी पोचल्यावर आठवलं. डाग गेले नाहीत.

जायचं असेल तर: गाडीतळावर पैसे लागतात, नॅशनल ट्रस्टच्या सदस्यांना माफ. कॅफे ते सेलर्स स्टोन ते टेकडी आणि परत, रमतगमत दीड तास. चढ सोपा, पण पावसानंतर वाळूमिश्रित चिखल होतो, तेव्हा चपला नकोत. हेदर बघायचं तर ऑगस्टचा उत्तरार्ध. गोचिडांचं वर सांगितलंच. घरी आल्यावर गुडघ्यामागे बघायचं.

सोमवार: रेक आणि पोर्ट्समथ

तिसऱ्या दिवसाचा बेत अर्णवचा. "त्याला जिथे जायचं होतं तिथे आपण जाऊया ना." माधुरीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. हे आम्हाला कसं सुचलं नव्हतं?

बँक हॉलिडे, त्यामुळे सगळं सरे समुद्राकडे निघालेलं. आम्ही मधेच रेककडे वळलो. जिथे ते तिघे सापडले ती सन नावाची सराई आता राहतं घर आहे, म्हणून उतरलो नाही, फक्त गाडीचा वेग कमी केला. कुणाच्या घरात कधीकाळी काय झालं यासाठी त्यांच्या खिडकीत डोकावणं बरं नाही. थर्स्लीच्या रेड लायनचंही तसंच झालंय. हाइंडहेडपासून इथवर गाडीला फार वेळ लागला नाही. पण काखोटीला मेलेल्याचे कपडे घेऊन हे अंतर पायी चाललेले तिघे डोळ्यांपुढे आणले, तर ते किती निर्धास्त असतील याचं नवल वाटतं. पळत नव्हते, लपत नव्हते. रस्त्यावर रोज खलाशी असतात, त्यातला एक कमी झाला तर कोण मोजणार, असंच त्यांना वाटलं असणार.

पोर्ट्समथला ऊन होतं, खरंखुरं. गोदीत व्हिक्टरी हे नेल्सनचं जहाज बघितलं. खलाशी मेला तेव्हा ते पाण्यात उतरून 21 वर्षं झाली होती. आत माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसालाही मान वाकवून चालावं लागतं. तोफांच्या मधल्या जागेत दोराचे झोपाळे टांगलेले, एकाला एक चिकटून. माणशी वाट्याला हातभर रुंदी. त्या झोपाळ्यांच्या रांगेपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. आपला माणूस कुठल्या जहाजावर चालला होता ते माहीत नाही. पण असलाच एखादा झोपाळा कुठेतरी रिकामा राहिला असेल, किंवा संध्याकाळपर्यंत दुसऱ्याने घेतलाही असेल.

दुपारी जुन्या बंदराच्या गोल बुरुजावर गेलो. अगदी तोंडावर, पंधराव्या शतकातला. आत-बाहेर करणारी जहाजं इतकी जवळून जातात की डेकवरच्या माणसांचे चेहरे दिसतात. ते तिघे फासावर गेल्यावर जेमतेम पाच आठवड्यांनी, 13 मे 1787 रोजी, याच बंदरातून 11 जहाजांचा ताफा कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला होता. कैद्यांतले बरेचसे चोऱ्यांसाठी शिक्षा झालेले, त्यात कपडे चोरणारेही होते. लोनेगन, केसी आणि मार्शल यांनी त्या रविवारी नुसते कपडे चोरले असते, तर कदाचित तेही त्या ताफ्यात असते. अर्णव म्हणाला, "आणि मग आता सिडनीत त्यांचे पणतू-खापरपणतू असते." माधुरी म्हणाली, "आणि खलाशाचे इथे." मग आम्ही फिश अँड चिप्स घेतले.

पोर्ट्समथसाठी एकच सूचना, आणि ती आम्ही चुकवून शिकलो. बुरुजावर उघड्यावर चिप्स खाऊ नका. एका समुद्रपक्ष्याने अर्णवच्या हातातला पुडा असा उचलला की बोटाला ओरखडा आला. पक्षी समोरच्या कठड्यावर बसून आमच्या डोळ्यांदेखत खात होता. त्याला साथीदारही दोन होते. माधुरी हसून हसून खाली बसली. "तीन नराधम," ती म्हणाली.

परतताना दिवस कलला होता. वर टेकडीवर क्रूस दिसतो का म्हणून मी काचेला नाक लावून बसलो होतो, तेवढ्यात बोगद्याचं तोंड आलं आणि आम्ही आत शिरलो. पिवळे दिवे, गाड्यांचा घुमणारा आवाज, आणि आमच्या डोक्यावर कुठेतरी ती जुनी वाट, गाय, स्टिलवेलचा शाप. मागच्या सीटवर अर्णव कसलेतरी आकडे पुटपुटत होता. बोगदा संपून उजेड आला तसा तो म्हणाला, "त्रेसष्ट सेकंद."

"त्याला किती लागले असतील?" माधुरीने विचारलं.

"तो वर पोचलाच नाही ना, आई."

पुढे मिलफर्डचा फाटा आला आणि ती घराच्या रस्त्याला लागली.